सुरुंग पेरलेले शेत मोकळे करण्याचा खर्च कोण उचलतो?

जमीन पडीक राहण्याची कारणे कृषी विस्तार क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या परिचयाची असतात. पाण्याचा अभाव, वाढलेले क्षार, मजुरांची टंचाई, वहिवाटीचा वाद किंवा सततची नापिकी यांपैकी एखादे कारण बहुधा आढळते. जगातील अनेक देशांत मात्र याहून निराळ्या कारणाने लक्षावधी एकर जमीन पिकाविना पडून आहे. माती कसदार आहे, विहिरीला पाणी आहे, मालकीचे कागद शेतकऱ्याच्या हाती आहेत. परंतु त्या शेतात पाऊल टाकता येत नाही, कारण युद्धकाळात तेथे भूसुरुंग पुरलेले आहेत, किंवा पुरलेले असावेत असा संशय आहे. अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी मोठा पैसा लागतो आणि तो जमिनीच्या मालकाजवळ नसतो. हा पैसा कोठून येतो, कशावर खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काय पडते, हे समजून घेणे भारतातील कृषी कार्यकर्त्यांसाठीही उपयुक्त आहे. आपल्या सीमावर्ती गावांनी हा अनुभव घेतलेला आहे आणि शेजारच्या श्रीलंकेत या कामासाठी भारताने स्वतःचा निधी दिलेला आहे.

बेंगळुरूची नळी आणि शेतकऱ्याचे शेत

बेंगळुरूतील अलसूर तलावाकाठी मद्रास इंजिनिअर ग्रुप या लष्करी अभियंता दलाचे केंद्र आहे. सुरुंग हाताळण्याच्या इतिहासात या केंद्राचे नाव एका साधनामुळे जगभर पोहोचले. १९१२ मध्ये येथील मद्रास सॅपर्स दलातील कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी स्फोटकांनी भरलेल्या, एकमेकींना जोडता येणाऱ्या नळ्यांचे साधन तयार केले. काटेरी तारांच्या अडथळ्याखाली ती नळी सरकवून स्फोट केला की सैनिकांना पुढे जाण्यापुरती वाट मोकळी होत असे. ‘बंगलोर टॉर्पेडो’ या नावाने ओळखले गेलेले हे साधन दोन्ही महायुद्धांत वापरले गेले. पुढे सुरुंगक्षेत्रातून वाट काढण्यासाठीही त्याचा उपयोग झाला.

सुरुंगातून वाट काढण्याच्या कामात मराठी मुलखाशी नाते असलेल्या दलाचाही मोठा वाटा आहे. पुण्याजवळील खडकी येथे केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत यांना १९४१ मध्ये अबिसिनियाच्या मोहिमेत सलग चार दिवस रस्त्यावरील सुरुंग काढल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच दलातील, कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे शत्रूच्या माऱ्यात दूर केले आणि त्यांना परमवीर चक्र देण्यात आले.

या पराक्रमांचा उद्देश सैन्याला पुढे जाण्यासाठी वाट देणे हा होता. लष्करी मोहिमेत रणगाड्यापुरती किंवा तुकडीपुरती अरुंद पट्टी साफ करावी लागते, ती शक्य तितक्या लवकर करावी लागते, आणि काही धोका शिल्लक राहील हे गृहीत धरलेले असते. शेतकऱ्याला देण्याच्या जमिनीबाबत यांपैकी काहीच चालत नाही. तेथे बांधापासून बांधापर्यंत, ठरवून दिलेल्या खोलीपर्यंत, प्रत्येक चौरस मीटर तपासावा लागतो. नांगराचा फाळ, गुरांचा खूर, मुलांचे खेळणे आणि विहिरीकडे जाणारी पायवाट या सर्वांसाठी जमीन निर्धोक हवी. शेकडो सुरुंग काढले आणि एक राहिला, तर त्या शेताच्या दृष्टीने काम झालेले नसते. खर्चाचे मूळ या फरकात आहे.

पैसा नेमका कशावर खर्च होतो

एक भूसुरुंग तयार करण्यास सुमारे ३ डॉलर पुरतात, तर तो शोधून नष्ट करण्यास ३०० ते १,००० डॉलर लागतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने वारंवार मांडला गेला आहे. हा फरक ऐकून सुरुंग निकामी करणे हेच महागडे काम असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात सापडलेला सुरुंग स्फोटाने नष्ट करण्यास फारसा वेळ लागत नाही. वेळ आणि पैसा जातो तो जेथे सुरुंग नाही, अशी जमीन तपासण्यात.

धातुशोधक यंत्र सुरुंग आणि खिळा यांत भेद करीत नाही. ज्या भूमीवर तोफगोळे पडले, तेथे मातीत धातूचे असंख्य तुकडे असतात आणि प्रत्येक संकेतावर काम करणाऱ्याला गुडघे टेकून, माती हळूहळू बाजूला करून खात्री करावी लागते. अनेक सुरुंगांचे कवच प्लास्टिकचे किंवा लाकडाचे असल्याने त्यांचा संकेत अगदी क्षीण येतो. उत्तर श्रीलंकेतील काही पट्ट्यांत यंत्राचा उपयोगच होईना, तेव्हा तेथे दाताळ्याने माती ओढण्याची पद्धत विकसित करण्यात आली. विशिष्ट बनावटीच्या जड व हलक्या दाताळ्यांनी बाजूने मातीचा थर ओढत नेला की सुरुंग उघडा पडतो. ही पद्धत खात्रीची आहे. परंतु तिच्यात दिवसाकाठी थोडेच चौरस मीटर हातावेगळे होतात.

म्हणून या कामातील निधीचा मोठा भाग मजुरी, प्रशिक्षण, विमा, वैद्यकीय पथक, रुग्णवाहिका आणि गुणवत्ता तपासणी यांवर जातो. निधी म्हणजे मुख्यतः माणसांचे पगार. म्हणूनच तो खंडित झाला की काम त्याच दिवशी थांबते आणि प्रशिक्षित माणसे दुसरीकडे निघून जातात.

आधी सर्वेक्षण, मग खोदकाम

पीक संरक्षणात काम करणाऱ्यांना यातील पुढचा मुद्दा सहज पटावा. पंधरा एकरांच्या कपाशीच्या शेतात काही झाडांवर अळी दिसली म्हणून संपूर्ण शेतावर फवारणी करण्याचा सल्ला कोणी जाणकार देत नाही. प्रथम कामगंध सापळे लावले जातात, ठरावीक झाडांची पाहणी होते, प्रादुर्भाव आर्थिक नुकसानीच्या पातळीपर्यंत गेला आहे का हे पाहिले जाते आणि मगच उपाय ठरतो. पाहणीचा खर्च फवारणीच्या तुलनेत थोडा असतो आणि तो अनावश्यक फवारणी वाचवतो.

सुरुंगमुक्तीच्या क्षेत्रातही अनेक वर्षांच्या अनुभवानंतर हीच शिस्त मान्य झाली. युद्ध संपल्यानंतर भीतीपोटी आणि माहितीच्या अभावी फार मोठे क्षेत्र संशयित म्हणून नकाशावर रंगवले जाते. पहिल्या टप्प्यात गावकऱ्यांशी बोलून, अपघातांच्या जागा नोंदवून, माजी सैनिकांकडून माहिती घेऊन आणि जुने लष्करी नकाशे तपासून ते क्षेत्र कमी केले जाते. कोणती जमीन कोणी कसली, गुरे कोठे चरली, कोणत्या वाटेने सरपण आणले, या साध्या प्रश्नांची उत्तरे येथे मोलाची ठरतात. दुसऱ्या टप्प्यात उरलेल्या क्षेत्रात यंत्राने किंवा कुत्र्यांच्या साहाय्याने मर्यादित पट्टे तपासून सुरुंगांची ओळ नेमकी कोठून जाते हे निश्चित होते. संपूर्ण खोदकाम फक्त तिसऱ्या टप्प्यात, खात्रीने बाधित असलेल्या जमिनीवर केले जाते. आंतरराष्ट्रीय मानकांत आता ही पद्धत समाविष्ट आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ संशयित जमीन कुदळ न लावता शेतकऱ्याला परत देता येते.

निधी देणाऱ्यांच्या हिशेबात मात्र येथे एक अडचण शिरते. देणगीदार देश किंवा संस्था वर्षाअखेर किती चौरस मीटर साफ झाले, याचा आकडा मागतात. चौरस मीटर हेच यशाचे माप ठरले की, सुरुंग नसलेली मोकळी, सोपी जमीन खोदूनही अहवाल भरता येतो. एकही सुरुंग न सापडलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षे खर्च झाल्याची टीका या क्षेत्रातील स्वतंत्र परीक्षणांनी अनेक देशांच्या बाबतीत केलेली आहे. कीटकनाशकाचे किती लिटर फवारले यावरून कीड नियंत्रणाचे यश मोजण्यासारखाच हा प्रकार आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्य माप वेगळे आहे. किती कुटुंबांची किती जमीन पुन्हा पेरणीखाली आली, हे ते माप होय.

भारताच्या सीमेवरील शेते

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर भारताने ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने पश्चिम सीमेवर सैन्य तैनात केले. या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान आणि गुजरात यांच्या सीमापट्ट्यात मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरण्यात आले. त्यांतील बरीच जमीन लागवडीखालची होती. पंजाबच्या सीमेवर त्या वेळी गव्हाचे पीक उभे होते. शेतकऱ्यांना रब्बीचे पीक सोडावे लागले आणि अनेकांचा त्यापुढचा हंगामही गेला. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला आणि सुरुंग काढण्याचे काम लष्कराच्या अभियंता तुकड्यांनी हाती घेतले. या कामात जवान जखमी झाले व काहींना प्राणही गमवावे लागले. सीमेवरील गावांत माणसे व जनावरेही सुरुंगांना बळी पडली.

या कामासाठी भारताने कोणत्याही परदेशी देणगीदाराकडे हात पसरला नाही. सुरुंग काढण्याचा खर्च आणि शेतकऱ्यांना द्यावयाची नुकसानभरपाई देशाच्या तिजोरीतून देण्यात आली. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात भारत सहभागी नाही. मात्र सुरुंगक्षेत्राची नोंद ठेवणे, कुंपण व खुणा करणे आणि गरज संपल्यावर क्षेत्र साफ करणे यांविषयीच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलचा तो सदस्य आहे. सुरुंग पेरताना नकाशे केलेले होते, म्हणून बहुतांश जमीन पुढील काही वर्षांत मोकळी होऊ शकली. जेथे वाळूच्या टेकड्या सरकल्या, पुराचे पाणी फिरले किंवा डोंगरउतारावरची माती घसरली, तेथे नोंद असूनही सुरुंग जागेवर सापडेनात आणि काम लांबले. नोंद असेल तर खर्च आटोक्यात राहतो, आणि ती नसेल किंवा निरुपयोगी ठरली तर तो कित्येक पटींनी वाढतो, हा या अनुभवाचा सारांश आहे.

श्रीलंका: अनेक देशांचा पैसा, एकाच मातीवर

श्रीलंकेतील परिस्थिती याहून पुष्कळ बिकट होती. सुमारे २६ वर्षे चाललेले यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले, तेव्हा उत्तरेकडील जवळपास ३ लाख लोक विस्थापित छावण्यांत होते. त्यांच्या गावांत लष्कराने आणि लिट्टेने पेरलेले सुरुंग होते. लिट्टेने स्वतः बनवलेल्या लाकडी पेटीतील ‘जॉनी’ सुरुंगांचे पद्धतशीर नकाशे मिळणे कठीण होते. जाफना द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेल्या मुहमालै परिसरात दोन्ही सैन्यांची आघाडी अनेक वर्षे एकाच जागी राहिल्याने सुरुंगांचे थरांवर थर साचले होते. विस्थापितांना गावी पाठवण्यापूर्वी जमीन सुरुंगमुक्त असल्याचा दाखला आवश्यक होता. त्यामुळे पुनर्वसनाचा वेग सुरुंग काढण्याच्या वेगावर अवलंबून राहिला.

येथे पैसा तीन वाटांनी आला. पहिली वाट श्रीलंकेच्या स्वतःच्या तिजोरीची. लष्कराच्या मानवतावादी सुरुंगनिर्मूलन तुकडीने सर्वाधिक क्षेत्र हाताळले आणि २०१० मध्ये कामाच्या समन्वयासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. दुसरी वाट परदेशी सरकारांची. जपान, अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ यांनी प्रामुख्याने हॅलो ट्रस्ट व मॅग या ब्रिटिश संस्थांमार्फत आणि डॅश व शार्प या स्थानिक संस्थांमार्फत निधी दिला. तिसरी वाट शेजारी देशाची, म्हणजे भारताची. भारत सरकारने २००९ मध्ये विस्थापितांच्या मदत व पुनर्वसनासाठी ५०० कोटी रुपयांची घोषणा केली आणि उत्तर श्रीलंकेत काम करणाऱ्या ७ भारतीय सुरुंगनिर्मूलन पथकांचा संपूर्ण खर्च उचलला. भारतीय लष्कराच्या निवृत्त अभियंत्यांनी उभारलेल्या ‘होरायझन’ आणि ‘सर्वत्र’ या संस्था श्रीलंकेत युद्धसमाप्तीच्या आधीपासूनच या क्षेत्रात काम करीत होत्या.

भारताच्या मदतीतील एक बाब कृषी कार्यकर्त्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. सुरुंग काढण्याबरोबरच परतणाऱ्या कुटुंबांसाठी शेती अवजारांचे ९५,००० संच, बियाणे आणि अवजारांसह ५०० ट्रॅक्टर देण्यात आले आणि पुढे ५०,००० घरांची योजना राबवण्यात आली. जमीन मोकळी करणे आणि ती कसण्याची साधने देणे या दोन्ही गोष्टी एकाच पुनर्वसनाचे भाग मानल्या गेल्या. मन्नार व किलिनोच्ची जिल्ह्यांतील तलावांखालच्या भातशेतीला याचा लाभ झाला. भाताचा ‘महा’ हंगाम ईशान्य मोसमी पावसावर येतो. तो पकडायचा तर जमीन, बियाणे आणि मशागत यांची वेळ जुळावी लागते. दाखला हंगाम उलटल्यावर मिळाला, तर शेतकऱ्याचे आणखी एक वर्ष जाते.

निधी नसल्याची किंमत कशी मोजली जाते, हेही तेथे दिसून आले. घरे, रस्ते, शाळा व विहिरी यांना प्रथम प्राधान्य, त्यानंतर भातशेती आणि सर्वांत शेवटी चराऊ कुरणे व जंगलकाठची जमीन, असा क्रम साधारणपणे ठरतो. तो योग्यच आहे. परंतु त्यामुळे अनेक कुटुंबे घरी पोहोचली तरी त्यांचे शेत किंवा गुरांचे रान बंदच राहिले. उत्पन्नाचे साधन नसलेला माणूस धोक्याचा फलक पाहूनही सरपणासाठी, गुरांमागे किंवा भंगार गोळा करण्यासाठी त्या जमिनीत जातो. अशा भागांतील अपघात बहुधा अज्ञानामुळे घडत नाहीत, पोटासाठी घडतात. म्हणून केवळ जागृतीचे फलक लावून हा प्रश्न सुटत नाही.

याच निधीची दुसरी बाजूही नोंदवण्याजोगी आहे. सुरुंग काढणाऱ्या पथकांत स्थानिक स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील अनेकींनी युद्धात पती किंवा घरातील कर्ता पुरुष गमावलेला आहे. परदेशातून येणारा पैसा त्यांच्या पगाराच्या रूपाने गावातच फिरतो. मात्र काम संपत आले की हा रोजगारही संपतो आणि त्यांच्यासाठी शेती, दुग्धव्यवसाय किंवा इतर उद्योगाची तयारी आधीपासून करावी लागते.

देणगीदारांचे लक्ष आणि शेवटचा एकर

श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये ओटावा करारात सहभागी झाला. या करारानुसार सदस्य देशाने १० वर्षांत आपली बाधित भूमी साफ करावयाची असते. श्रीलंकेसाठी ही मुदत जून २०२८ पर्यंत आहे. त्याच करारात बाधित देशाला मदत मागण्याचा हक्क दिलेला आहे आणि ज्यांना शक्य आहे त्या देशांनी ती द्यावी अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. रक्कम किती आणि कधीपर्यंत द्यायची, याचे बंधन मात्र कोणावर नाही.

परिणामी निधी बातम्यांच्या मागे जातो. जगभरात सुरुंगविरोधी कामासाठीचा निधी २०२३ मध्ये प्रथमच १ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. परंतु आंतरराष्ट्रीय मदतीतील सर्वांत मोठा हिस्सा युक्रेनकडे वळला. युक्रेनची गरज खरीच आहे. तेथील गहू व सूर्यफुलाच्या जमिनी सुरुंगांखाली गेल्याचा परिणाम जगाच्या धान्यबाजारावर होतो. तथापि ज्या देशांतील युद्धे १५ ते ४० वर्षांपूर्वी संपली, तेथील शेवटचे पट्टे अशा वेळी यादीत खाली ढकलले जातात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत तात्पुरती थांबवली, तेव्हा जगातील अनेक सुरुंगनिर्मूलन कार्यक्रमांना काम बंद ठेवावे लागले. कंबोडियात ही पोकळी अंशतः भरून काढण्यासाठी चीनने ४४ लाख डॉलर दिले. एका राजधानीतील निर्णयाने दुसऱ्या खंडातील शेतकऱ्याचा हंगाम ठरावा, ही या व्यवस्थेतील उणीव आहे.

देशाचा स्वतःचा निधी अधिक भरवशाचा असला, तरी विकसनशील देशाच्या तिजोरीलाही मर्यादा असतात. श्रीलंकेवर एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवण्याची वेळ आली. अशा काळात शाळा, दवाखाने आणि इंधन यांपुढे सुरुंगांचा क्रम मागे पडणे स्वाभाविक ठरते. दोन्ही स्रोतांचा मेळ घालून काम पुरे करता येते, हे मोझांबिकने दाखवून दिले. एके काळी जगातील सर्वाधिक सुरुंगबाधित देशांत गणला गेलेला हा देश सप्टेंबर २०१५ मध्ये सुरुंगमुक्त घोषित झाला. अनेक वर्षे टिकून राहिलेली परदेशी मदत आणि जिल्हावार केलेले सर्वेक्षण यांचा त्यात मोठा वाटा होता.

मधमाशी, उंदीर आणि संशोधनाचा निधी

या क्षेत्रातील काही पैसा संशोधनावरही खर्च झाला आणि त्यातील एक धागा थेट कीटकशास्त्राशी जुळतो. सुरुंगाच्या कवचातून टीएनटी या स्फोटकाचा अत्यल्प अंश मातीत व हवेत झिरपतो. मधमाशीची गंध ओळखण्याची क्षमता तीव्र असते. साखरपाण्याबरोबर हा गंध काही दिवस दिला, तर ती तो अन्नाशी जोडते आणि मोकळे सोडल्यावर तशा गंधाच्या जागी घिरट्या घालते. अमेरिकेत मोंटाना विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणि क्रोएशियात झाग्रेब विद्यापीठाने या दिशेने काम केले. झाग्रेबच्या प्रयोगांना युरोपीय संघाच्या संशोधन निधीचे साहाय्य लाभले. मधमाशी हलकी असल्याने सुरुंगाचा स्फोट होण्याचा धोका नसतो. तथापि पाऊस, थंडी व रात्र यांत ती काम करीत नाही, फुलोरा असला की तिचे लक्ष विचलित होते आणि उडत्या माशीचा माग ठेवण्यासाठी विशेष उपकरणे लागतात. त्यामुळे हे तंत्र अद्याप नियमित वापरात आलेले नाही. साफ केलेल्या क्षेत्राच्या फेरतपासणीसाठी ते उपयोगी पडेल, अशी अपेक्षा आहे.

यापेक्षा अधिक यश आफ्रिकेतील मोठ्या थैलीउंदरांना मिळाले. ॲपोपो ही बेल्जियन संस्था टांझानियातील सोकोइने कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने त्यांना टीएनटी हुंगण्याचे प्रशिक्षण देते. धातूच्या तुकड्यांकडे ते दुर्लक्ष करीत असल्याने तपासणीचा वेळ वाचतो. मोझांबिक, अंगोला व कंबोडिया येथे त्यांचा प्रत्यक्ष वापर झालेला आहे. कंबोडियात काम केलेल्या ‘मगावा’ या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधील एका प्राणिकल्याण संस्थेने सुवर्णपदक दिले. कृषी विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे ज्ञान सुरुंग शोधण्यास कामी येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी बोध

सुरुंग काढण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याकडून वसूल होऊ शकत नाही. धोका त्याने निर्माण केलेला नसतो आणि लाभ सर्व गावाला मिळतो. आक्रमक परदेशी किडींच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. पपईवरील पिठ्या ढेकणाचा दक्षिण भारतात व महाराष्ट्रात उद्रेक झाला, तेव्हा २०१० मध्ये पोर्टो रिको येथून ॲसेरोफॅगस पपाये हा परोपजीवी कीटक अमेरिकी कृषी विभागाच्या सहकार्याने बेंगळुरूत आणण्यात आला. आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने त्याचे गुणन करून सार्वजनिक खर्चाने वितरण केले. कोणा एका बागायतदाराने तो खर्च केला नसता आणि एकट्याच्या बागेपुरता तो करून भागलेही नसते. जो धोका बांध ओळखत नाही, त्याच्या निवारणासाठी सार्वजनिक निधीच लागतो. आणि तो धोका सीमा ओलांडणारा असेल, तर आंतरराष्ट्रीय सहकार्यही लागते.

मात्र निधीचे चीज गावपातळीवरील माहितीवर ठरते. सुरुंगबाधित देशांत सर्वेक्षण पथकाला सर्वांत उपयोगी पडणारा माणूस हा शिवाराची खडान्‌खडा माहिती असलेला स्थानिक कार्यकर्ता असतो. कोणता तुकडा केव्हापासून पडीक आहे, जनावर कोठे दगावले, पाट कोठून वळवला गेला, ही माहिती त्याच्या वहीत असेल तर कित्येक एकरांचे खोदकाम वाचते. भारताच्या सीमावर्ती जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. पूर, वादळ किंवा दरड यांनंतर संशयास्पद वस्तू आढळल्यास तिला हात न लावता जागेपासून दूर राहून खूण करणे, इतरांना अडवणे आणि लगेच पोलीस किंवा लष्कराला कळवणे, एवढे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असले पाहिजे.

दुसरी जबाबदारी जमीन परत मिळाल्यानंतरची आहे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या शेतात झुडपे माजतात, बांध फुटतात, विहिरी गाळाने भरतात आणि खोदकामामुळे सुपीक थर खाली गेलेला असतो. माती परीक्षण, सेंद्रिय खत, हिरवळीची पिके, बांधबंदिस्ती आणि पहिल्या हंगामासाठी कमी खर्चाचे पीक यांचे नियोजन दाखला मिळण्यापूर्वीच तयार असावे. सुरुंग काढण्याचा निधी एका खात्यातून, पुनर्वसनाचा दुसऱ्या आणि कृषी सल्ल्याचा तिसऱ्या खात्यातून येतो, तेव्हा त्यांची वेळ जुळवण्याचे काम प्रत्यक्षात तालुका पातळीवरील माणसालाच करावे लागते. मोकळ्या झालेल्या जमिनीत पहिले पीक उभे राहिले, तरच त्या जमिनीवर झालेला देशी-परदेशी खर्च शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.